लाखो संगणकांत एक पान कसे सापडते?



४ ऑक्टोबर २०२१. सोमवारचा दिवस. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. एकाएकी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा बंद पडल्या, आणि त्याही साऱ्या जगात एकदम. त्या पुन्हा सुरू व्हायला सुमारे सहा तास लागले. या तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या. कंपनीच्या संगणक-केंद्रांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची देखभाल चालू असताना एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि ती सारी केंद्रे जगापासून तुटली.

आता यातील गंमत पाहा. त्या रात्री तुमचा फोन ठीक होता, शेजाऱ्याचा फोनही ठीक होता. मधले मनोरे आणि तारा यांनाही काही झाले नव्हते. तरीसुद्धा तुमचा निरोप भिंतीपलीकडे जात नव्हता. कारण तो निरोप सरळ शेजाऱ्याकडे जातच नाही. तो आधी कंपनीच्या केंद्राकडे जातो आणि तेथून शेजाऱ्याकडे येतो. केंद्र थांबले की सगळेच थांबते.

मग केंद्रच नसलेले जाळे बनवता येईल काय? येते, बनवलेलेही आहे. परंतु ते बनवताना एक मोठी अडचण उभी राहते. लाखो संगणक एकमेकांना जोडलेले आहेत, मुख्य असा कोणीच नाही, सर्वांची यादी कोणाकडेच नाही. अशा जाळ्यात हवे ते एक पान शोधायचे कसे? या अडचणीचे उत्तर फार सुंदर आहे आणि ते समजण्यास तुमचे शाळेतील गणित पुरेसे आहे. तेच आज आपण पाहू.

तारा आणि जाळे

१९६४ साली अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणारे अभियंते पॉल बॅरन यांनी दळणवळणाच्या जाळ्यांचे तीन प्रकार चित्रे काढून दाखवले. पहिला प्रकार ताऱ्यासारखा: मध्ये एक केंद्र आणि त्यापासून निघालेल्या रेषा. दुसरा प्रकार म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक लहान तारे. तिसरा प्रकार कोळ्याच्या मासेमारीच्या जाळ्यासारखा: प्रत्येक गाठ शेजारच्या काही गाठींना बांधलेली. ताऱ्याचा मध्य तोडला की सारे संपते. जाळ्याच्या मात्र चार-दोन गाठी सुटल्या तरी दुसऱ्या वाटेने निरोप पोहोचतो. शत्रूच्या हल्ल्यातही दळणवळण चालू राहावे, हा बॅरन यांचा हेतू होता.

आजच्या इंटरनेटच्या तारा आणि मार्ग बऱ्याच अंशी या तिसऱ्या प्रकाराचे आहेत. परंतु त्यांवर चालणाऱ्या बहुतेक सेवा पुन्हा पहिल्या प्रकाराच्याच झाल्या. मध्यभागी कंपनीचे संगणक, त्यांना सर्व्हर म्हणतात, आणि भोवती आपण सारे ग्राहक.

याउलट, ज्या रचनेत प्रत्येक संगणक थोडे देतो आणि थोडे घेतो, तिला पीअर-टू-पीअर रचना म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा, समान दर्जाचा. अशा रचनेवर चालणाऱ्या कार्यक्रमांना विकेंद्रित ॲप असे नाव आहे.

शोधण्याचे दोन फसलेले मार्ग

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची सेवा निघाली. गाणी लोकांच्या स्वतःच्या संगणकांवर असत आणि ती एका संगणकावरून दुसऱ्यावर सरळ जात. मात्र कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. गाण्यांच्या मालकांची परवानगी न घेता ही देवघेव चाले. त्यामुळे खटला झाला आणि २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. येथे आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच, की गाणी लाखो ठिकाणी असूनही एक यादी बंद होताच सारे जाळे निकामी झाले. म्हणजे केंद्र शिल्लक होतेच!

२००० साली आलेल्या नुटेला या जाळ्यात यादीच नव्हती. हवे ते शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना विचारायचे. हा प्रश्न बहुधा सात पावलांपर्यंत पुढे जाई. समजा, प्रत्येकाला चार शेजारी आहेत. पहिल्या पावलाला ४ प्रश्न निघतील. ज्याने प्रश्न पाठवला त्याला सोडून प्रत्येक जण तिघांना विचारील, म्हणून दुसऱ्या पावलाला १२, तिसऱ्याला ३६, याप्रमाणे. सात पावलांची बेरीज करा: ती ४,३७२ येते. एका माणसाच्या एका प्रश्नासाठी ४,३७२ निरोप! आणि इतके करूनही वस्तू आठव्या पावलावर असली तर ती सापडणारच नाही. गावातील एका माणसाचे घर शोधण्यासाठी दवंडी पिटण्यासारखेच हे झाले.

यादी ठेवावी तर केंद्र येते. न ठेवावी तर गोंगाट होतो. या दोहोंमधून वाट काढणारी पद्धत २००२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील पेटार मेमुनकॉव्ह आणि डेव्हिड मॅझिएर्स यांनी मांडली. तिचे नाव काडेम्लिया. तिच्या मुळाशी दोन कल्पना आहेत.

पहिली कल्पना: पानाचा ठसा

कोणत्याही मजकुरापासून ठरावीक गणिती कृती करून एक संख्या काढता येते. तिला हॅश म्हणतात. आपण तिला मजकुराचा ठसा म्हणू. एक लुटुपुटीचा ठसा काढून पाहू. मजकूर समजा ४७२९ आहे. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, चौथ्याला ४ ने गुणा आणि बेरीज करा:

४ + १४ + ६ + ३६ = ६०

६० ला १६ ने भागले की बाकी १२ उरते. हा झाला ४७२९ चा ठसा. आता २ च्या जागी ३ लिहा. बेरीज ६३ होईल आणि ठसा १५. मूळ संख्येतील ४ आणि ७ यांची अदलाबदल केली, तर बेरीज ५७ आणि ठसा ९ येईल. मजकूर जरासा बदलला की ठसा बदलतो.

आपला ठसा फारच कच्चा आहे, कारण त्याच्या किमती केवळ १६ आहेत. ४७२९ सारखाच १२ हा ठसा असलेली दुसरी संख्या तुम्ही पाच मिनिटांत शोधून काढाल. प्रत्यक्षात वापरली जाणारी एसएचए-२५६ ही कृती २५६ द्विमान अंकांचा ठसा देते. त्याच्या शक्य किमती २ चा २५६ वा घात, म्हणजे एकावर ७७ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही अधिक आहेत. दोन वेगळ्या मजकुरांचा एसएचए-२५६ चा ठसा एकच निघाल्याचे एकही उदाहरण आजवर कोणास सापडलेले नाही. तिच्याआधीच्या एसएचए-१ या कृतीचे मात्र असे उदाहरण फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतील आणि गूगलमधील संशोधकांनी तयार करून दाखवले. म्हणून जुने ठसे सोडून नवे वापरावे लागतात.

ठशाचा उपयोग काय? समजा, तुम्हाला एका पानाचा ठसा ठाऊक आहे आणि ते पान तुम्ही एका पूर्ण अनोळखी संगणकाकडून घेतले. त्याने त्यात एक स्वल्पविराम जरी बदलला असेल, तरी तुमच्या संगणकाने काढलेला ठसा जुळणार नाही आणि ते पान तुम्ही फेकून द्याल. देणारा प्रामाणिक आहे की नाही, हे पाहण्याची गरजच उरत नाही. केंद्रावर विश्वास ठेवण्याऐवजी येथे आपण गणिताने पडताळा घेतो.

दुसरी कल्पना: अंतर मोजण्याची नवी रीत

आता शोधण्याकडे वळू. जाळ्यातील प्रत्येक संगणकालाही एक क्रमांक देतात. काडेम्लियाच्या मूळ पद्धतीत क्रमांक आणि ठसा दोन्ही १६० द्विमान अंकी असतात. आपण चारच अंक घेऊ, म्हणजे ० ते १५.

पानाचा ठसा आणि संगणकाचा क्रमांक एकाच प्रकारची संख्या असल्याने त्या दोहोंमधील 'अंतर' काढता येते. हे अंतर वजाबाकीने काढायचे नाही. दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहा. अंक सारखे असतील तेथे ०, वेगळे असतील तेथे १ मांडा. या क्रियेला एक्सॉर म्हणतात. उदाहरणार्थ, ५ आणि ६:

०१०१
०११०
००११

उत्तर ००११, म्हणजे ३. म्हणून ५ आणि ६ यांचे अंतर ३. आता ७ आणि ८ घ्या: ०१११ आणि १०००. उत्तर ११११, म्हणजे १५! नेहमीच्या मोजणीत शेजारी असलेल्या या दोन संख्या येथे एकमेकींपासून सर्वांत दूर आहेत.

हे विचित्र वाटले तरी अंतराचे सारे नियम येथे पाळले जातात. स्वतःपासून स्वतःचे अंतर शून्य. अ पासून ब जितका दूर, तितकाच ब पासून अ दूर. आणि भूमितीत शिकलेला त्रिकोणाचा नियमही खरा ठरतो: सरळ अंतर हे वळसा घालून केलेल्या अंतराहून मोठे कधीच नसते.

या मोजणीत डावीकडचे जितके अधिक अंक जुळतील तितके दोघे जवळ. यासारखी व्यवस्था तुम्ही रोज पाहता: पोस्टाचा पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. कोलकात्यात पत्रांची वाटणी करणाऱ्याला पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पेठा माहीत असण्याची गरज नाही. पहिला अंक ४ पाहिला की पत्र आपल्या बाजूला निघते. पुढे ४११ दिसले की पुण्याकडे, ४१६ दिसले की कोल्हापूरकडे. डावीकडून एकेक अंक पाहत पत्र घराजवळ येते. फरक एवढाच, की पिनकोड भूगोलावर आधारलेला आहे. आपल्या जाळ्यात मात्र क्रमांकाने 'जवळ' असलेले दोन संगणक पृथ्वीच्या दोन टोकांना असू शकतात.

प्रत्यक्ष शोध

आता नियम ऐका. पान कोणाकडे आहे हे सांगणारी चिठ्ठी, पानाच्या ठशाला सर्वांत जवळ असलेल्या संगणकांकडे ठेवायची. बस, इतकेच. आणि प्रत्येक संगणकाने पत्त्यांची एक लहान वही ठेवायची. तीत दूरच्या अर्ध्या जगातील काही पत्ते, उरलेल्या अर्ध्यातील दूरच्या अर्ध्या भागातील काही पत्ते, असे निम्मे निम्मे करीत अगदी जवळच्यांपर्यंत पत्ते असावेत.

समजा, जाळ्यात आठ संगणक आहेत: १, २, ४, ७, ८, ११, १२ आणि १४. एका पानाचा ठसा १३, म्हणजे ११०१ आहे. ते पान ४ क्रमांकाकडे आहे. १३ ला सर्वांत जवळचा संगणक १२ (अंतर १), म्हणून चिठ्ठी १२ कडे आहे. शोध घेणारा आहे २ क्रमांक. त्याला यांतील काहीच ठाऊक नाही. त्याच्या वहीत तीनच पत्ते आहेत: १, ७ आणि ८.

पहिले पाऊल. १३ पासून १ चे अंतर १२, ७ चे १० आणि ८ चे ५. म्हणून २ हा ८ ला विचारतो.

दुसरे पाऊल. ८ च्या वहीत १, ११ आणि १४ आहेत. १३ पासून त्यांची अंतरे अनुक्रमे १२, ६ आणि ३. तो सांगतो, "मला ठाऊक नाही, १४ ला विचार."

तिसरे पाऊल. १४ च्या वहीत ७, ११ आणि १२ आहेत. त्यांतील १२ चे अंतर केवळ १. तो म्हणतो, "१२ ला विचार."

१२ कडे चिठ्ठी आहेच: "हे पान ४ कडे मिळेल." मग २ हा ४ कडून सरळ पान घेतो, ठसा काढून पाहतो, १३ आला की काम झाले.

अंतर कसे घटत गेले ते पाहा: १५, ५, ३, १. दर पावलाला डावीकडचा निदान एक अंक जुळत गेला, म्हणजे शोधायचा प्रदेश दर वेळी निदान निम्मा झाला. २ चा २० वा घात १०,४८,५७६ आहे. म्हणून दहा लाख संगणकांच्या जाळ्यातही सुमारे २० पावले पुरतात, बहुधा त्याहूनही कमी. जाळे दुप्पट झाले तर? फक्त एक पाऊल वाढते! दवंडीचे ४,३७२ निरोप आठवा आणि तुलना करा.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. लोक संगणक बंद करतात; मग चिठ्ठ्या हरवणार नाहीत काय? त्यासाठी एकच चिठ्ठी जवळच्या अनेक संगणकांकडे ठेवतात. मूळ पद्धतीत ही संख्या २० आहे. शिवाय चिठ्ठ्या वरचेवर नव्याने वाटतात. वहीतील पत्त्यांबाबत तर एक मजेदार नियम आहे: जुना ओळखीचा उत्तर देत असेल तोवर नव्यासाठी त्याला काढायचे नाही. नुटेलावरील नोंदींवरून असे दिसले होते की, जो संगणक बराच वेळ चालू आहे तो आणखी तासभर चालू राहण्याची शक्यता अधिक असते.

पाया सर्वांना खुला

ही पद्धत कागदावरच राहिली नाही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली सुरू केलेल्या बिटटॉरेंटने २००५ पासून ती वापरली. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम जाळ्यातील संगणकही एकमेकांना शोधण्यासाठी याच कल्पनेवर आधारलेली रीत वापरतात. हुआन बेनेट यांनी आरंभलेल्या आणि २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आयपीएफएस या व्यवस्थेत तर पानाचा पत्ता पानाच्या ठशापासूनच बनतो.

आयपीएफएससारख्या व्यवस्थेला मंच किंवा प्लॅटफॉर्म म्हणतात, कारण ठसे, वह्या आणि चिठ्ठ्या यांची सारी यंत्रणा त्यात तयार असते. विकेंद्रित ॲप लिहिणाऱ्याने तिच्यावर आपले काम उभारायचे. हे मंच मुक्त स्रोत असतात, म्हणजे त्यांचा सारा आज्ञावली-मजकूर कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, सुधारता येतो.

हा केवळ उदारपणा नाही. विचार करा, जाळ्याला मालक नाही, पण त्याची आज्ञावली एखाद्या कंपनीने कुलपात ठेवली आहे. मग ती कंपनी उद्या नियम बदलू शकेल आणि कोणाला कळणारही नाही. समोरच्या दाराने घालवलेले केंद्र मागच्या दाराने परत आले! म्हणून मालक नसलेल्या जाळ्याचे नियम सर्वांच्या डोळ्यांसमोर असावे लागतात.

लाभ आणि मर्यादा

२९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तानात विकिपीडिया हा ज्ञानकोश बंद करण्यात आला. सरकारने त्याच्याकडे जाणारी वाट अडवली. काही दिवसांतच आयपीएफएसच्या मंडळींनी तुर्की विकिपीडियाची प्रत आपल्या जाळ्यावर ठेवली. ती अनेकांच्या संगणकांवर असू शकत असल्याने एक दरवाजा अडवून भागणार नव्हते. तेथील घटना न्यायालयाच्या निकालानंतर १५ जानेवारी २०२० रोजी बंदी उठली. जवळजवळ तीन वर्षे एका देशातील तुमच्या वयाची मुले या ज्ञानकोशाला मुकली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे केंद्र कोणाच्या हाती आहे हा प्रश्न किती गंभीर आहे ते कळते.

परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती प्रत म्हणजे ज्ञानकोशाचे एका दिवसाचे छायाचित्रच होते. मजकूर सुधारला की ठसा बदलतो, म्हणून नेहमी बदलणारी पाने अशा जाळ्यावर चालवणे अवघड जाते. दुसरे, जे पान कोणीच आपल्या संगणकावर जपून ठेवत नाही ते कालांतराने नाहीसे होते. चिठ्ठी म्हणजे पान नव्हे. तिसरे, एकदा सर्वत्र पसरलेली गोष्ट परत घेता येत नाही, मग ती खाजगी असो वा खोटी. ठसा मजकूर बदलला नाही एवढेच सांगतो. तो मजकूर खरा आहे असे सांगत नाही.

चौथी अडचण बहुरूप्याची. एकच लबाड संगणक हजार क्रमांक घेऊन हजार सोंगे आणू शकतो आणि एखाद्या ठशाभोवतीच्या सर्व जागा बळकावू शकतो. याला सिबिल हल्ला म्हणतात. जॉन डाऊसर यांनी २००२ साली त्याचे विवेचन केले. त्यावर निरनिराळे उपाय योजले जातात, पण केंद्राविना त्याचा पुरता बंदोबस्त करणे कठीण आहे. आणि शेवटची गोष्ट: जाळ्यात प्रथम शिरताना एक तरी ओळखीचा पत्ता लागतोच. पहिली ओळख कोणीतरी करून द्यावी लागते.

तेव्हा केंद्र असलेली रचना वाईट आणि नसलेली चांगली, असे सरसकट म्हणता येणार नाही. केंद्र सोयीचे असते, पण सारा भार एका जागी टाकते. बरोबरीचे जाळे टिकाऊ असते, पण ते चालवण्याचे काम प्रत्येकाला थोडे थोडे उचलावे लागते. कोणते काम कोणत्या रचनेवर सोपवावे, हे पुढे तुम्हालाच ठरवायचे आहे.

करून पाहा

१. एक्सॉर रीतीने ९ आणि ६ यांचे अंतर काढा. ९ आणि १३ यांचे काढा.

२. वरील आठ संगणकांच्या जाळ्यात ५ हा ठसा असलेल्या पानाची चिठ्ठी कोणाकडे असेल? त्याच्यानंतर सर्वांत जवळचा कोण?

३. जगातील सुमारे ८०० कोटी माणसांपैकी प्रत्येकाचा एक संगणक अशा जाळ्यात असेल, तर शोधाला सुमारे किती पावले लागतील?

४. वर्गातील सोळा जणांना ० ते १५ क्रमांक द्या. प्रत्येकाने चारच पत्ते वहीत लिहावेत: पहिला द्विमान अंक वेगळा असलेला एक, पहिला सारखा पण दुसरा वेगळा असलेला एक, आणि याप्रमाणे पुढे. शिक्षकांनी एक चिठ्ठी नियमाप्रमाणे ठेवावी. शोध किती पावलांत लागतो ते मोजा. मग तीन-चार जणांना 'बंद' करा आणि पुन्हा पाहा.

उत्तरे: १) १५ आणि ४. २) ४ कडे (अंतर १), त्यानंतर ७ (अंतर २). ३) २ चा ३३ वा घात ८,५८,९९,३४,५९२ आहे, म्हणून सुमारे ३३.